बिनवासाचा धूर

शाहीन शिकलगारला सापाची भीती नव्हती, अंधाराची नव्हती, सासूचीही फारशी नव्हती. पण घाण वास आला की तिचा जीव वरखाली व्हायचा. माहेरची ती आतार. तिचा बाप इब्राहिम आतार इंदापूरच्या आणि भिगवणच्या आठवडी बाजारात अत्तराच्या बाटल्या, शिकेकाई, सुरमा मांडून बसायचा. पोरीला शेजारी बसवून, तिच्या हाताच्या पाठीवर एकेक थेंब लावून त्यानं तिचं नाक असं तयार केलं होतं की दूध नासणार आहे हे तिला आदल्या दिवशी कळायचं. त्याची शिकवण एवढीच होती: जो वास नाकातच राहतो तो चांगला का वाईट, ज्याचं त्यानं ठरवावं, पण जो घशात उतरतो त्याला दारात उभा करू नये.

आणि असलं नाक घेऊन बाई लग्न करून आली कुठं, तर बारामतीच्या मंडपवाल्याच्या घरात. ओल्या सतरंज्या, बुरशी धरलेल्या कनाती, जनरेटरचं डिझेल, हॅलोजनवर भाजलेले किडे. नवरा आरिफ माणूस म्हणून लाखात एक, म्हणून तिनं नाकाला पदर लावून संसार रेटला.

त्यात लग्नामध्ये धुराची टूम निघाली. नवरा-नवरी स्टेजकडं यायला लागली की पायाशी पांढरा धूर सोडायचा, वरून ड्रोन फिरवायचा, ह्याला म्हणायचं एंट्री. आता तर भटजी उशिरा आला तर चालतो, अक्षता कमी पडल्या तर चालतात, पण एंट्रीला धूर नसला की मुलीकडच्यांचं नाक कापलं गेलं म्हणून समजा. आरिफनंही एक मशीन आणलं. मशीन स्वस्तातलं, त्यात ओतायचं लिक्विड त्याहून स्वस्तातलं. सोडलं की केस जळाल्यासारखा वास यायचा आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदरानं वारा घालत बसायच्या. शाहीन ते मशीन उंबऱ्याच्या आत येऊ द्यायची नाही. ते बिचारं टेम्पोतच झोपायचं.

मग निरवांगीच्या बापूसाहेबांच्या पोराचं, यशराजचं लग्न आलं. गावची पंचायत, सोसायटी, पाण्याची पाळी, कुणाच्या पोरीची सोयरीक, सगळं ह्या बापूसाहेबांच्या ओट्यावर ठरायचं. घरचे त्यांना तात्या म्हणायचे, गाव बापूसाहेब म्हणायचं, आणि नाही मात्र कुणीच म्हणायचं नाही.

त्या दिवशी यशराजच्या मित्रांनी दुपारपासूनच धुरात नाचायचा सपाटा लावला. एंट्रीपुरतं ठेवा म्हणून आरिफ हात जोडून सांगत होता, पण नवरदेवाच्या मित्रांना कोण आवरणार? ऐन वेळेला नवरीची गाडी दारात, ड्रोन आभाळात आणि मशीनमध्ये थेंब नाही. आरिफच्या तोंडचं पाणी पळालं. बापूसाहेब मात्र शांत होते. धूरच पाहिजे ना, मग पंचायतीचं मशीन काय पुजायला ठेवलंय, असं म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीच्या शिपायाला, दत्तोबाला, पिटाळलं. पंचायतीचं मशीन म्हणजे कुठलं, तर डास मारायचं. डिझेलमध्ये औषध कालवून गटारीवर आणि उकिरड्यावर मारतात ना, तेच.

अहो, ज्या धुरानं डास मरतो त्यात नवी नवरी उभी करू नये, एवढं त्या भरल्या मांडवात एकाच्याही डोक्यात आलं नसेल? आलं असणार. तोंडात आलं नाही, एवढंच.

फुलांच्या सजावटीला आलेली शाहीन तेव्हा नवरीच्या, स्वरूपाच्या, शालूच्या निऱ्या नीट करत होती. मशीनचा भर्रर्र आवाज कानावर यायच्या आधी तिला वास आला आणि तो सरळ घशात उतरला. ती धावली. आरिफला सांगितलं, तो म्हणाला गप राहा. बापूसाहेबांपुढं जाऊन उभी राहिली, तर ते गोड हसून म्हणाले, भाभी, तुमी फुलांचं बघा. तोवर पांढराशुभ्र, कापसासारखा दाट धूर मांडवात घुसला होता. स्वरूपा त्यातून चालत होती आणि कॅमेरावाला ओरडत होता, हळू, अजून हळू. पोरीनं जमेल तेवढा श्वास धरला. पण मांडव केवढा लांब, आणि माणसाची छाती ती केवढी. मधेच तिला श्वास घ्यावा लागला.

पुढचं सांगायला जीभ उचलत नाही, पण सांगते. मांडवातल्या दिव्यांभोवतीचे किडे टपाटप खाली पडायला लागले. पाकोळ्या, चिलटं, पंख फुटलेल्या मुंग्या. बासुंदीत पडले, मठ्ठ्यात पडले, वाढप्याच्या डोक्यावर पडले. म्हातारीकोतारी खोकून बेजार झाली. आणि पंगतीनं काय केलं? बोटानं किडा काढला, बोट टेबलाच्या कागदाला पुसलं आणि बासुंदीची वाटी तोंडाला लावली. एक पाहुणा तर मिशी पुसत म्हणाला की धूर झाला पण झकास. शाहीन मांडवाच्या मागं गेली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली.

एवढ्यावर भागलं असतं तरी ठीक. पण ड्रोनमधून ते फार देखणं दिसलं. नवरा-नवरी ढगातून येतायत असा तो व्हिडिओ बारामती-इंदापूर दोन्ही तालुक्यांत मोबाइलवरून फिरला, आणि आरिफला फोन यायला लागले: आम्हाला निरवांगीसारखा दाट पाहिजे. कळंबचा फोन, लासुर्ण्याचा फोन, खुद्द बारामतीतल्या शिकल्यासवरल्या डॉक्टरच्या घरचा फोन. आरिफ ताटावर बसून हळूच म्हणाला की ते मशीन कुठं मिळतं बघायला पाहिजे. गिऱ्हाईक मागतंय तर आपलं काय जातंय.

शाहीननं हातातली भाकरी खाली ठेवली. "डास मारायचं औषध लोकांच्या तोंडावर मारून आपण पोट भरणार असलो, तर मी अब्बांच्या शेजारी बसून शिकेकाई विकीन. ते मशीन तुमच्या दारात आलं की मी न्हाय."

आरिफ हसायला गेला, पण तिचं तोंड बघून त्यानं हातातला घास ताटात ठेवला. मग लोकांना धूर कुठून द्यायचा, असं त्यानं विचारलं. ती म्हणाली, आपण करू. बोलून बसली आणि तिचीच तिला धडकी भरली.

तिचा धाकटा भाऊ सद्दाम उसाच्या ट्रकांचे आणि ट्रॅक्टरचे रेडिएटर दुरुस्त करायचा. त्यानं आरिफचं जुनं मशीन उघडलं. तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारायचा, एवढंच ह्यात आहे, असं त्याचं मत पडलं: एक पंप, एक तापणारा लोखंडी ठोकळा, पंपानं ठोकळ्यात लिक्विड ढकललं की दुसऱ्या तोंडानं वाफ बाहेर. पण त्या ठोकळ्याच्या आत शाहीननं बोट घातलं तर बोटाला काळी, चिकट, जळकी साय लागली. वास घेतला आणि तिला शिसारी आली. इतकी लग्नं आपण लोकांना हेच हुंगवलं, ह्या विचारानं तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

जागेचं म्हणाल तर सासूनं अंगणात बसू दिलं नाही. भिगवण रस्त्याला एक बंद पडलेली पोल्ट्री भाड्यानं मिळाली. आता बंद पडलेली पोल्ट्री म्हणजे काय असतं, हे ज्यानं झाडून काढलीय त्यालाच ठाऊक. विष्ठा खरवडली, पिसं जाळली, चुना मारला, फिनेल ओतलं. तरी दुपारी पत्रा तापला की कोंबड्यांचा वास वर यायचाच. असल्या जागेत बसून बाई बिनवासाचा धूर करायला निघाली होती. नातेवाइकांना हसायला विषय मिळाला.

धुराचा मालमसाला म्हणजे पाणी आणि ग्लिसरीन. सद्दामनं पहिल्यांदा जे ग्लिसरीन आणलं ते साबणवाल्याकडचं, मातकट, चरबीचा वास मारणारं. ते तापवलं तर बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशीच्या मोरीसारखा दर्प सुटला. शाहीननं डबा उचलून बाहेर नेऊन ठेवला. मग सद्दामच्या डोक्यात आलं की साखरेचा पाक घालून बघू. गोड आहे, घट्ट आहे, इथं हवा तेवढा मिळतो. आमच्या भागातल्या माणसाला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर उसातच दिसतं, त्याला तो तरी काय करणार. ती म्हणाली, करू नको, त्यानं केलं. ठोकळ्यात पाकाचा कोळसा झाला, पोल्ट्रीभर करपलेल्या काकवीचा धूर भरला, आणि आसपासच्या शेतांतून झाडून सगळ्या गांधीलमाश्या आत आल्या. सद्दाम सुजलेल्या कानानं ठोकळा घासत बसला आणि त्यानंतर त्यानं उसाचं नाव काढलं नाही.

खरी गोम तापमानात होती. ठोकळा थंड पडला की धुराऐवजी पिचकारी उडते. फार तापला की ग्लिसरीन जळतं आणि तो घशात उतरणारा जळकट वास येतो. सोमेश्वरनगरच्या बाजूला एका लग्नात त्यांचं पहिलं मशीन नेलं, तर त्यानं स्टेजभर गरम थेंब थुंकले आणि त्यावर घसरून नवरीचा मामा हारासकट आडवा झाला. त्या मामानं आरिफच्या सगळ्या खानदानाचा उद्धार केला. शाहीनला वाटलं, आता नवरा मशीन विहिरीत टाकणार. पण दुसऱ्या दिवशी आरिफ स्वतः पोल्ट्रीत आला, बाह्या सारल्या आणि ठोकळ्याशेजारी बसला. अपमान त्याच्या जिव्हारी लागला होता, आणि आता ते यंत्र नीट चालवल्याशिवाय त्याला करमणार नव्हतं. तापमान एका जागी धरणारा स्विच बसवायची युक्ती शेवटी त्यालाच सुचली. औषधाच्या दुकानात चालतं तसलं स्वच्छ ग्लिसरीन शाहीननं शोधून काढलं, पाणी गाळून घेतलं, आणि मग एका सकाळी म्हाताऱ्या इब्राहिमला आणून पोल्ट्रीत खुर्चीवर बसवलं. डोळे मिटायला सांगितले. पत्र्यापर्यंत धूर भरला, शेजारचा माणूस दिसेना. बराच वेळ म्हातारा बसून राहिला आणि मग कंटाळून म्हणाला, "सोडताय का न्हाय अजून?"

शाहीनला रडू आलं. तिनं ते धुरातच पुसून टाकलं.

तिथून पुढं दोन मशीनं झाली. एक दाट धुराचं. आणि दुसरं विरळ धुक्याचं, हॉलभर नुसतं तरंगत राहणारं, ज्यानं वर फिरणाऱ्या दिव्यांचे झोत काठीसारखे स्पष्ट दिसतात. तमाशावाले, ऑर्केस्ट्रावाले येऊन बघून जायला लागले. पण बघून काय म्हणायचे? वास येत नाही. वास नाही, ठसका नाही, डोळ्यात पाणी नाही, म्हणजे हे नुसतं पाणीच दिसतंय. निरवांगीच्या धुरात दम होता. शाहीन हे ऐकून घ्यायची, चहा पाजायची आणि ते गेले की कप दोनदा विसळायची. माणसाला घाणीची सवय लागली की स्वच्छ हवेत त्याला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं, हे तिला तिथं कळलं, आणि तिचा सगळा उत्साह गळून गेला.

अशातच बापूसाहेबांचा निरोप आला. सुनेचं डोहाळेजेवण होतं. चंद्रकोरीचा झोपाळा पाहिजे होता आणि झोपाळ्याखाली ढग. सूनबाई ढगात बसलेली दिसली पाहिजे. शाहीनला निरवांगीचं नाव काढलं तरी मळमळायचं, पण आरिफ म्हणाला, तुझं मशीन दाखवायचं तर तिथंच दाखव. ती जागा बघायला गेली.

स्वरूपा माजघरात बसली होती. पोट दिसायला लागलं होतं, आणि चेहरा मात्र लग्नातल्या पोरीचा राहिला नव्हता. दोन वाक्यं बोलली की खोकायची. लग्नाच्या दिवसापासून हा खोकला तिच्या मागं लागला होता. उदबत्ती लावली, फोडणी टाकली, ट्रॅक्टर सुरू केला की छाती गच्च. सासू दगडाबाई म्हणाली, नजर लागलीय. ढगातून आलेली नवरी कुणाच्याही डोळ्यात भरायचीच. म्हणून रोज सांजेला मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या, त्या ठसक्यानं सून आणखी खोकायची, आणि सून खोकते म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी मिरच्या. घरात गाड्या उभ्या होत्या, बारामती हाकेच्या अंतरावर होती, पण सुनेच्या खोकल्यासाठी कुणी गाडी काढली नव्हती. शाहीनला त्या लखलखीत घराची किळस आली. पोल्ट्रीला निदान चुना मारता येतो.

दगडाबाई आत गेली तशी स्वरूपानं विचारलं, "भाभी, तुमच्या धुराला वास हाय का?"

"न्हाय."

"नक्की सांगा. आता मी एकटी न्हाय."

शाहीननं तिचा हात धरला. माझी पोर अफशीन रोज शाळेतून आली की त्याच धुरात खेळते, म्हणाली. तिला खेळवते तशीच तुला बसवीन. असा शब्द तिनं उभ्या जन्मात कुणाला दिला नव्हता.

ढग खाली बसवायचा तर धूर गार करावा लागतो, नाहीतर तो वर चढतो आणि बसलेल्या माणसाच्या नाकातोंडात जातो. गार धूर पायाशी लोळतो. त्यासाठी बर्फाच्या पेटीतून नळी फिरवायची होती, आणि सद्दामनं अक्कल चालवून भिगवणच्या मासळी बाजारातून थर्माकोलची पेटी आणली. घासूनपुसून आणली, तरी पहिला ढग सोडला तो चिलापीच्या वासाचा. शाहीननं भावाला पेटीसकट बाहेर काढलं. नवी कोरी पेटी आली, बर्फ गाळलेल्या पाण्याचा आला, आणि अफशीनला मधे बसवून झाल्यावरच ते सामान टेम्पोत चढलं.

डोहाळेजेवणाला अर्धा तालुका लोटला होता. ऊन कलल्यावर स्वरूपा हिरव्या साडीत, फुलांच्या दागिन्यांत चंद्रकोरीवर बसली. आरिफनं मशीन सुरू केलं आणि झोपाळ्याखाली पांढरा, गार ढग अलगद पसरला. पावलं बुडाली, पण ढग गुडघ्याच्या वर एक बोटही चढला नाही. वास नाही, आवाज नाही. स्वरूपा आधी जपून, मग मोकळा श्वास घेत होती. शाहीन तिच्या छातीकडंच बघत होती. ओटी भरायला आलेल्या बायका वाकून ढगाला हात लावत होत्या. कितीतरी महिन्यांनी शाहीनला कशाचीही घाण वाटत नव्हती.

आणि मग बापूसाहेब कॅमेरावाल्याचा मोबाइल बघून आले. वरून ढग दिसत नाही, म्हणाले. लग्नात कसा मांडव भरला होता. हे काय, पायात दूध सांडल्यासारखं. शिवाय पाटाकडून डास यायला लागले होते, पाहुणे मांड्या खाजवत होते. त्यांनी दत्तोबाला हाक मारली. पंचायतीचं मशीन आण, डास बी मरत्याल आन् ढग बी हुत्याल.

शाहीन झोपाळ्यापुढं जाऊन उभी राहिली. बाई गरोदर आहे, ते विष आहे, असं तिनं सगळ्यांच्या देखत सांगितलं. मंडळींनी खाली बघितलं. यशराज, तो नवरा म्हणवणारा, मोबाइलमध्ये काहीतरी शोधायला लागला. बापूसाहेबांचा आवाज जराही चढला नाही. तुम्ही भाड्यानं आलाय, भाभी, भाड्याचं काम झालं की टेम्पो भरा, म्हणाले. आरिफनं ह्या वेळी तिला गप राहा म्हटलं नाही. तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. पण दोन माणसं उभी राहिल्यानं बापूसाहेब थांबणार होते थोडेच. दत्तोबा मशीन खांद्याला अडकवून आलाच.

तेव्हा स्वरूपा झोपाळ्यावरून उतरली. पदर सावरला, सासऱ्यापुढं वाकली आणि अदबीनं म्हणाली, "तात्या, आधी तुमी बसा. मी हितनं बघते, कसं दिसतंय."

मंडळी हसली. कुणीतरी टाळी वाजवली, बसा बापूसाहेब, होऊ द्या एक फोटो. बापूसाहेबांना स्टेजचं वावडं कधीच नव्हतं. ते मिशीवर हात फिरवत चंद्रकोरीवर बसले, फुलांचा एक गजराही कुणीतरी त्यांच्या मनगटाला बांधला, आणि त्यांनी दत्तोबाला खूण केली. शाहीननं स्वरूपाला दंडाला धरून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, पार विहिरीपर्यंत नेलं.

मशीन भर्रर्र सुरू झालं. पांढऱ्या धुरात आधी झोपाळा गेला, मग बापूसाहेब. पहिल्यांदा खोकल्याचा आवाज आला, तेव्हा लोक हसले. मग आवाज घोगरा झाला. धुरातून त्यांचा हात वर आला. आता बापूसाहेबांचा हात वर म्हणजे चालू द्या, हे गावाला गेली कित्येक वर्षं ठाऊक. दत्तोबानं मशीनचा जोर वाढवला. हात आणखी वर गेला, जोर आणखी वाढला. त्यांनी सुरू केलेली गोष्ट त्यांनी सांगितल्याशिवाय थांबवायची निरवांगीत रीत नव्हती, आणि सांगायला त्यांच्या छातीत हवा उरली नव्हती. चारशे माणसं पदर, रुमाल नाकाला लावून एकमेकांकडं बघत होती. यशराज बघत होता. दगडाबाई बघत होती. जो तो दुसऱ्यानं काहीतरी म्हणायची वाट बघत होता.

बसू दे थोडा वेळ, असं शाहीनच्या मनात आलं. स्वच्छ, शब्दांत आलं. आणि त्या विचाराचा वास तिला त्या धुरापेक्षा घाण वाटला. तोंडाला ओढणी बांधून ती पळत गेली, दत्तोबाच्या खांद्यावरच्या मशीनच्या इंजिनाची पेट्रोलची चावी फिरवली आणि ते बंद पाडलं. धूर विरला तेव्हा बापूसाहेब चंद्रकोरीखाली चारी पायांवर होते. नाकातोंडातून लाळ गळत होती, आणि त्यांच्या टोपीवर, खांद्यांवर, गजऱ्यात मेलेले डास पडले होते.

त्या संध्याकाळी तीन गाड्या निघाल्या. बारामतीचा छातीचा डॉक्टर अर्ध्या वाटेत भेटायला आला. ऑक्सिजन लावला, फोटो काढले, आठवडाभर घरात उदबत्ती लागली नाही, फोडणीसुद्धा परसात. डासाचं मशीन दुसऱ्याच दिवशी पंचायतीच्या खोलीत कुलूपबंद झालं आणि लग्नकार्यात तसला धूर वापरायचा नाही असा ठराव गावानं एकमतानं केला. सुनेनं सात-आठ महिने खोकून जे कुणाच्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते बापूसाहेब एकदा खोकल्यावर सगळ्या तालुक्याला समजलं. त्यांच्या खोकल्याला नजर मात्र कुणी म्हटलं नाही.

आणि मग ऑर्डरी आल्या. बापूसाहेबांच्या शब्दावर आल्या. मंगल कार्यालयांच्या, कॉलेजच्या गॅदरिंगच्या, नाटकाच्या थिएटरच्या. पोल्ट्रीचा पत्रा बदलला, दारावर पाटी लागली, आणि शिकलगारांची धुराची कंपनी अशी सुरू झाली. आरिफ म्हणाला, उद्घाटनाला बापूसाहेबांना बोलवावंच लागेल. शाहीन म्हणाली, बोलवा. तिला भांडायचासुद्धा वीट आला होता.

बापूसाहेब आले, फीत कापली आणि माइक हातात घेतला. नव्या मशीनमधून विरळ धुकं पोल्ट्रीभर तरंगत होतं, शाहीननं सकाळपासून चारदा हुंगून पाहिलेलं, कशाचाही वास नसलेलं. ते म्हणाले, विषारी धुराचा धोका पहिल्यांदा ओळखला तो मी. लोकांसाठी स्वतःच्या अंगावर घेतला, म्हणून आज हा उद्योग उभा आहे. टाळ्या पडल्या. आरिफनंही वाजवल्या. दत्तोबानं सगळ्यांत जोरात वाजवल्या.

सगळ्यात मागच्या खुर्चीवर स्वरूपा बसली होती, मांडीवर तान्ही पोर घेऊन. तिला खोकला आला. त्या धुक्यात तिला झोंबावं असं काही नव्हतं. खोकला आता तिच्या आतच राहायला आला होता. तिनं पदर तोंडात धरून दाबायचा प्रयत्न केला, तो दाबला गेला नाही. बापूसाहेब बोलायचे थांबले. माइकवरूनच, मायेनं बोलावं तसं म्हणाले, "सूनबाई, जरा बाहीर जाऊन खोक."

लोक थोडेसे हसले. स्वरूपा पोरीला छातीशी धरून उठली आणि खुर्च्यांमधून अंग चोरत बाहेर गेली. शाहीननं मशीनचं बटण बंद केलं, बापूसाहेबांना घालायचा हातातला हार टेबलावर ठेवला आणि तिच्या मागोमाग गेली. आत भाषण पुन्हा सुरू झालं होतं.